हाड जुळलं, पण पाय खेळायला तयार आहे का?

1902 साली लिव्हरपूलचे सर्जन रॉबर्ट जोन्स यांनी पावलाच्या एका फ्रॅक्चरवर लेख प्रसिद्ध केला. त्यातल्या रुग्णांपैकी एक ते स्वतःच होते. नाचता नाचता, टाच वर असताना, त्यांच्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर सगळा भार आला आणि करंगळीच्या मागचं लांब हाड मोडलं. पायावर काही पडलं नव्हतं, कुणाची लाथ बसली नव्हती. एक्स-रेचा शोध लागून तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. त्याच नव्या तंत्राच्या मदतीने जोन्स यांनी दाखवून दिलं की थेट मार न लागताही हे हाड मोडू शकतं. आज त्या फ्रॅक्चरला त्यांचंच नाव आहे, आणि फुटबॉल किंवा बास्केटबॉल खेळणाऱ्याला डॉक्टरांच्या तोंडून ‘जोन्स फ्रॅक्चर’ ऐकायला मिळालं की त्याच्या पोटात गोळा येतो.

तो का येतो ते दोन खेळाडूंच्या गोष्टीवरून कळतं. 10 एप्रिल 2002 रोजी इंग्लंडचा फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमच्या डाव्या पावलातलं दुसरं मेटाटार्सल, म्हणजे बोटाकडे जाणारं लांब हाड, सामन्यातल्या धडकेत मोडलं. 2 जूनला, म्हणजे साडेसात आठवड्यांनी, तो विश्वचषकात स्वीडनविरुद्ध मैदानात होता. पूर्ण जोशात नव्हता, पण खेळत होता आणि ते हाड टिकलं. अमेरिकन बास्केटबॉलपटू केव्हिन ड्युरंटला ऑक्टोबर 2014 मध्ये जोन्स फ्रॅक्चर झालं. शस्त्रक्रियेने स्क्रू बसवला, आणि तोही सात आठवड्यांच्या आत, 2 डिसेंबरला कोर्टवर परतला. पुढच्या फेब्रुवारीत त्याच पावलावर दुसरी शस्त्रक्रिया झाली, मार्चमध्ये हाडाचं कलम करावं लागलं आणि त्याचा तो मोसम तिथेच संपला.

दोघांचंही ‘पायाचं हाड मोडलं’ होतं आणि दोघांनीही जवळपास तितकेच आठवडे घेतले. वेगळं होतं ते मोडलेलं हाड आणि त्या हाडावरची जागा. म्हणून ‘डॉक्टर, किती आठवडे?’ हा प्रश्न स्वाभाविक असला तरी त्याच्या उत्तरावर फार विसंबू नये असं माझं मत आहे. कॅलेंडर फार तर सांगतं की अमुक तारखेच्या आधी घाई करू नका. त्या तारखेनंतर खेळायचं की नाही, हे पायाला विचारावं लागतं, आणि पायाला विचारण्याच्या ठरलेल्या पद्धती आहेत.

आधी पत्ता विचारा

एका पावलात 26 हाडं असतात. टाच आणि तिच्या पुढची ओबडधोबड अशी सात, मग बोटांकडे जाणारी लांब पाच मेटाटार्सल, आणि बोटांची चौदा. ‘फ्रॅक्चर आहे’ एवढं ऐकून दवाखान्यातून बाहेर पडणं म्हणजे अर्धीच माहिती घेऊन बाहेर पडणं. कुठलं हाड, हाडाच्या कुठल्या भागात, तुकडे सरकलेत की जागेवर आहेत, आणि एका फटक्यात मोडलं की हळूहळू तडा गेला, हे चार प्रश्न विचारूनच उठावं.

धाकट्या बोटांपैकी एखादं मोडलं तर शेजारच्या बोटाला पट्टीने बांधतात आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत काम भागतं. अंगठ्याचं प्रकरण तितकं सोपं नसतं, कारण प्रत्येक पाऊल उचलताना शेवटचा रेटा अंगठाच देतो. त्याच्या बुडाशी, चवड्याखाली, वाटाण्याएवढी दोन हाडं असतात. त्यांना तडा गेला तर दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळू शकतं.

मधली तीन मेटाटार्सल, म्हणजे दुसरं, तिसरं आणि चौथं, ही त्यातल्या त्यात समजूतदार मंडळी. दोन्ही बाजूंना शेजारी असल्यामुळे मोडली तरी बहुतेकदा फारशी सरकत नाहीत, रक्तपुरवठाही बरा असतो. कडक तळाचा बूट घालून सहा-आठ आठवड्यांत ती सहसा जुळतात. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. दुसऱ्या मेटाटार्सलच्या बुडाशी, पावलाच्या कमानीच्या माथ्यावर, हाडांना एकत्र धरून ठेवणारा एक बळकट बंध असतो. तो तुटला तर त्याला लिसफ्रांक दुखापत म्हणतात. नेपोलियनच्या काळातल्या फ्रेंच सर्जनचं हे नाव. ती साध्या मुरगळण्यासारखी दिसते आणि निदानात हुकते. तळपायावर काळंनिळं झालं असेल आणि चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर उभं राहून, पायावर भार देऊन एक्स-रे काढायला हवा. झोपून काढलेल्या एक्स-रेत हाडांमधली फट लपून राहते.

आता पाचवं मेटाटार्सल. यात एकाच हाडाच्या दोन-तीन सेंटीमीटरमध्ये तीन वेगवेगळी भवितव्यं दडलेली आहेत. अगदी मागच्या टोकाचा उंचवटा पाय मुरगळताना निखळतो. हा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो आणि सगळ्यात सौम्य असतो. दुखणं सोसेल तसं चालायची परवानगी मिळते आणि बहुतेक जण सहा ते आठ आठवड्यांत सुधारतात. त्याच्या किंचित पुढे जोन्स फ्रॅक्चरची जागा. इथे हाडात मागून येणारा आणि मधून येणारा रक्तपुरवठा एकमेकांना भेटतो, आणि त्या सीमारेषेवर दोन्हीकडून रक्त तुटपुंजंच पोहोचतं. म्हणून हाड उशिरा जुळतं, कधी जुळतच नाही. त्याहून जरा पुढे दांड्यात पडणारा तडा बहुधा वारंवार ताणाने पडलेला असतो आणि तोही तितकाच हट्टी. या दोन जागी नियमित खेळणाऱ्यांना सहसा हाडाच्या पोकळीतून स्क्रू घालायचा सल्ला दिला जातो. स्क्रू घातला म्हणजे हाड जुळलं असं मात्र नाही. स्क्रू आधार देतो, जुळायचं काम हाडालाच करावं लागतं.

ब्राझीलचा फुटबॉलपटू नेमारचं फेब्रुवारी 2018 मध्ये हेच पाचवं हाड मोडलं. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि 3 जूनला क्रोएशियाविरुद्धच्या सराव सामन्यात उतरून त्याने गोलही केला. (सामना लिव्हरपूलमध्येच होता, जोन्स यांच्या गावी.) जानेवारी 2019 मध्ये त्याच हाडाला पुन्हा दुखापत झाली.

आणखी एक नाव ऐकून ठेवावं: नॅव्हिक्युलर. घोट्याच्या पुढे, पावलाच्या वरच्या बाजूला आतल्या अंगाला असणारं होडीच्या आकाराचं हाड. धावपटूंना आणि उड्या मारणाऱ्यांना इथे तडा जातो. दुखणं अस्पष्ट असतं, साध्या एक्स-रेत ते बहुधा दिसत नाही आणि एमआरआय किंवा सीटी स्कॅननेच उलगडतं. एकदा निदान झालं की सहा आठवडे त्या पायावर अजिबात भार टाकायचा नाही, हा नेहमीचा पहिला उपाय. ‘थोडं थोडं चाललं तर चालेल ना?’ याला इथे उत्तर नाही असंच आहे.

तडा पडतो तेव्हा आत काय चाललेलं असतं

एका फटक्यात मोडलेलं हाड समजायला सोपं असतं. तिथे रक्त साकळतं, सूज येते, आणि ही सूज दुरुस्तीचीच सुरुवात असते. दोन-तीन आठवड्यांत मोडलेल्या टोकांमध्ये कूर्चेसारखा मऊ सांधा तयार होतो. पुढच्या काही आठवड्यांत त्यात कॅल्शियम बसून तो टणक होतो. एक्स-रेत दिसणारा ढगाळ गोळा म्हणजे तोच. डॉक्टर त्याला कॅलस म्हणतात. मग तो गोळा तासून, घडवून हाडाला मूळ आकार देण्याचं काम महिनोन्‌महिने, कधी वर्षाहूनही अधिक चालतं. म्हणजे तुम्ही मैदानात परतता तेव्हा आतलं काम संपलेलं नसतं, चालू असतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. उलट त्या घडवण्याला योग्य भाराची गरज असते. हाड ज्या दिशेने दाबलं जातं त्या दिशेने ते स्वतःला मजबूत करतं, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी 1892 मध्येच मांडलं होतं.

स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या ताणाने हळूहळू पडणारा तडा, थोडं वेगळं. 1855 मध्ये प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी लांबलांब कूच करणाऱ्या सैनिकांचे सुजलेले, दुखरे पाय नोंदवले. हाडाला तडा गेलाय हे त्यांना दिसणं शक्यच नव्हतं, कारण एक्स-रे आणखी चाळीस वर्षांनी आला. पण ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव आजही टिकून आहे.

आपलं हाड सतत स्वतःची डागडुजी करत असतं. काही पेशी जुनं, शिणलेलं हाड खणून काढतात आणि काही पेशी तिथे नवं भरतात. खणायला साधारण तीन आठवडे लागतात, भरायला मात्र तीनेक महिने. रस्ता खणून ठेवलाय, डांबर पडायचंय आणि वाहतूक मात्र बंद केलेली नाही, अशी ती अवस्था असते. नेहमीची रहदारी असेल तर रस्ता निभावून नेतो. पण नेमक्या त्याच वेळी कुणी दुप्पट ट्रक सोडले तर तो खचतो. म्हणूनच स्ट्रेस फ्रॅक्चरची कहाणी जवळजवळ नेहमी एकाच वाक्याने सुरू होते: ‘गेल्या महिन्यात मी सराव वाढवला होता.’ नवीन मोसम, नवं शिबिर, नवे बूट, मॅरेथॉनची घाई, सुट्टीनंतर एकदम पूर्ण सराव. कारण वेगळं असलं तरी आत घडतं तेच.

पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत काहीच दिसत नाही, ही यातली मोठी गोची. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हटल्यावर माणूस पुन्हा धावायला लागतो आणि बारीक तड्याचं पूर्ण फ्रॅक्चर होतं. एका बोटाने दाखवता येईल अशा जागी हाड दुखत असेल, धावताना दुखणं वाढत जात असेल आणि आता साधं चालतानाही जाणवत असेल, तर एक्स-रे कसाही असो, फ्रॅक्चर समजूनच वागावं आणि एमआरआयबद्दल विचारावं.

प्लास्टरच्या आत वाया जाणारा काळ

तो वाया जायलाच हवा असं नाही. दुखरा पाय न वापरता बाकी शरीराला भरपूर काम देता येतं. बसून हातांचे, पाठीचे, पोटाचे व्यायाम, चांगल्या पायाचे व्यायाम, आणि डॉक्टरांनी होकार दिला की पाण्यातले व्यायाम. पोहताना मांड्यांमध्ये तरंगणारा ठोकळा धरला तर पाय मारावे लागत नाहीत. खोल पाण्यात तरंगणारा पट्टा बांधून ‘धावलं’ तर दम टिकतो आणि पावलावर जमिनीचा धक्का बसत नाही. स्थिर सायकलवर चवड्याऐवजी टाच पॅडलवर ठेवून सुरुवात करता येते. हे मन रमवण्यापुरतं आहे असं समजू नका. सहा आठवडे पूर्ण आडवा पडलेला खेळाडू आणि सहा आठवडे असा कामात राहिलेला खेळाडू एकाच दिवशी बूट काढतात, पण पुढचा प्रवास एकाच जागेवरून सुरू करत नाहीत.

एक बारीकशी गोष्ट बहुतेकांना कुणी सांगत नाही. फ्रॅक्चरचा जाड तळाचा बूट एक पाय दोन-तीन सेंटीमीटर उंच करतो. त्यामुळे चाल वाकडी होते आणि महिन्याभरात कंबर आणि खुबा कुरकुरायला लागतात. दुसऱ्या पायात तितक्याच उंच तळाचा बूट घातला की हा त्रास बराचसा टळतो.

‘थोडा भार टाका’ म्हणजे किती, हेही अनेकांना कळत नाही. घरातला वजनकाटा घ्या. दुखरा पाय त्यावर आणि दुसरा शेजारी तितक्याच उंचीच्या फळीवर ठेवून उभे राहा, आणि सांगितलेला आकडा येईपर्यंत हळूहळू दाबा. वीस किलो म्हणजे पायाला नेमकं कसं वाटतं हे एकदा कळलं की कुबड्यांवर चालताना अंदाज चुकत नाही.

बूट निघाला तो दिवस

त्या दिवशी जो पाय बाहेर येतो तो ओळखीचा वाटत नाही. पोटरी बारीक झालेली असते, कातडी कोरडी, घोटा आखडलेला. एका पायावर डोळे मिटून उभं राहायला गेलं तर पाच सेकंदांत तोल जातो. हाड जुळलेलं असूनही पाय खेळाच्या लायकीचा का नसतो, याचं उत्तर इथे आहे. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट धक्का बसतो. तो धक्का शोषण्याचा मोठा वाटा पोटरीचे स्नायू, त्याखालचा जाड कंडरा आणि तळपायाचे बारीक स्नायू उचलतात. ते कमकुवत असले तर उरलेला सगळा धक्का नुकत्याच जुळलेल्या हाडावर जातो. दुसऱ्यांदा मोडणाऱ्या हाडांच्या मागे पुष्कळदा ही अशक्त पोटरी असते, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

म्हणून पोटरीपासून सुरुवात. आधी बसून टाचा उचलणं, मग दोन्ही पायांवर उभं राहून, मग दोन पायांनी वर आणि एका पायाने खाली, आणि शेवटी एका पायावर वर-खाली. गुडघा सरळ ठेवून आणि किंचित वाकवून, असं दोन्ही प्रकारे करा; दोन्हींत वेगवेगळे स्नायू काम करतात. घोटा किती आखडला आहे ते भिंतीसमोर पाहता येतं: टाच जमिनीला टेकलेली ठेवून गुडघा भिंतीला लावायचा आणि अंगठा भिंतीपासून किती दूर नेता येतो ते दोन्ही पायांत मोजायचं. तळपायासाठी बोटं न वळवता चवडा टाचेकडे ओढून कमान उंचावण्याचा एक व्यायाम आहे. सुरुवातीला हास्यास्पद वाटतो. पाय थरथरतो आणि काहीच होत नाही. दोनेक आठवड्यांत जमायला लागतो.

या दिवसांत संध्याकाळी सूज येतेच. रात्रभर पाय उंच ठेवल्यावर ती सकाळपर्यंत उतरत असेल तर काळजी नको. दुखण्याचे दोन प्रकार ओळखायला शिका. पोटरीत, घोट्याभोवती, तळव्यात पसरलेला ताण हा कामाला लागलेल्या स्नायूंचा असतो. मोडलेल्या जागेवरच, एका बोटाच्या टोकाखाली उठणारी कळ हाडाची असते. पहिलं दुखणं थोडंफार चालवून घ्यावं. दुसरं अजिबात नाही.

धावण्याआधीची परीक्षा

तारीख आली, एक्स-रे ठीक आला, डॉक्टर ‘हळूहळू सुरू करा’ म्हणाले. या ‘हळूहळू’त सगळं गाडं अडतं, कारण त्याचा अर्थ कुणी उलगडून सांगत नाही. खेळाच्या दुखापतींवर काम करणारे फिजिओथेरपिस्ट साधारणपणे पुढच्या गोष्टी पाहतात. मोडलेल्या जागी बोटाने दाबलं तर दुखतं का? अर्धा तास झपझप चालून दुखलं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही पाय शांत राहिला, असं सलग काही दिवस झालंय का? दुखऱ्या पायावर न थांबता वीस-पंचवीस वेळा टाच उचलता येते का, निदान दुसऱ्या पायाच्या जवळपास तरी? आणि शेवटची, माझ्या मते सगळ्यात बोलकी परीक्षा: त्या पायावर दहा वेळा लंगडी घालता येते का, तीही न दुखता, न अडखळता, न घाबरता? लंगडी घालताना मनात शंका येत असेल तर धावायला आणखी आठवडा थांबावं. धावणं म्हणजे शेवटी हजारो वेळा घातलेली लंगडीच. मिनिटाला 170 पावलं धरली तर अर्ध्या तासाच्या धावण्यात एका पायावर अडीच हजारांहून जास्त धक्के बसतात.

पहिलं धावणं अपमानास्पद वाटेल इतकं छोटं असावं. एक मिनिट संथ धावणं, चार मिनिटं चालणं, असं चार-पाच वेळा, सपाट जमिनीवर आणि एक दिवसाआड. त्यानंतरचे चोवीस तास महत्त्वाचे. धावताना दुखलं नाही, रात्री ठणकलं नाही, सकाळी पहिलं पाऊल टाकताना कळ आली नाही, तर पुढच्या वेळी दोन मिनिटं धावणं आणि तीन मिनिटं चालणं. कळ आली तर एक पायरी मागे या, ती शांत होईपर्यंत तिथेच राहा. बंद पडायची गरज नाही, पण कळ दाबून पुढेही जायचं नाही. वेदनाशामक गोळी घेऊन धावणं हा यातला सगळ्यात मोठा वेडेपणा, कारण विचारायचं ज्याला तोच साक्षीदार तुम्ही गप्प करून ठेवता.

एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. आधी वेळ. सलग अर्धा तास आरामात धावता आलं की मग वेग, मग चढ-उतार. वेग आणि अंतर एकाच आठवड्यात वाढवलं आणि दुखलं, तर कशामुळे दुखलं तेही कळत नाही.

हाडाची एक गंमतशीर सवय इथे उपयोगी पडते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं आहे की काही मोजक्या धक्क्यांनंतर हाड नव्या धक्क्यांना प्रतिसाद देणं कमी करतं आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा ‘ऐकू’ लागतं. म्हणजे हाड मजबूत करायचं असेल तर एक लांबलचक सत्र घेण्यापेक्षा छोट्या उड्यांची दोन छोटी सत्रं, मध्ये काही तासांचं अंतर ठेवून, अधिक कामाची. दोरीवरच्या वीस-तीस हलक्या उड्या सकाळी आणि तितक्याच संध्याकाळी, हा त्यातला साधा प्रकार. पण ही पायरी लंगडीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतरची.

खेळ म्हणजे सरळ रेषेत धावणं नव्हे

धावता यायला लागलं की लोक मैदानात उतरतात आणि तिथेच फसतात. फुटबॉल, कबड्डी, टेनिस, बॅडमिंटन, बास्केटबॉल यांत पाय सरळ कमी आणि आडवा जास्त जातो. झटकन वळताना पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार येतो, म्हणजे नेमका पाचव्या मेटाटार्सलवर. म्हणून सरळ वेगवान धावणं, मग मोठी वळणं, मग आखूड वळणं, मग अचानक थांबणं, मग समोरच्याची हालचाल पाहून वळणं, असं चढत जावं. शेवटच्या प्रकाराला वेगळं स्थान आहे, कारण ठरवून वळताना पाय आधीच तयार असतो. चकवणाऱ्यामागे वळताना नसतो. सरावाची काही पूर्ण सत्रं सलग झाल्याशिवाय सामना खेळू नये, आणि पहिला सामना पूर्ण वेळ खेळू नये.

खेळाप्रमाणे धोक्याची जागाही बदलते. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय चेंडू सोडताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट आदळतो. त्यामुळे तो धावायला तयार झाला तरी गोलंदाजीला तयार असतोच असं नाही. त्याने षटकं मोजून वाढवावीत. नर्तकांना चवड्यावर चढणं हीच शेवटची पायरी असते. पोहणारा सगळ्यांत आधी परततो, फक्त भिंतीला पाय देऊन ढकलण्याची घाई त्याने करू नये.

बुटांबद्दल थोडक्यात. मऊ, कुठूनही वाकणारा बूट सुरुवातीला टाळावा. चवड्याखाली जरा कडक असलेला बूट मेटाटार्सलवरचा वाकवणारा ताण कमी करतो. खिळ्यांच्या बुटात एखादा खिळा नेमका पाचव्या हाडाखाली येतोय का ते पाहावं. ज्यांची कमान उंच आहे आणि जुन्या बुटांचा तळ बाहेरच्या कडेला झिजतो, त्यांचा भार मुळातच बाहेरच्या बाजूला पडतो. त्यांनी पायाची तपासणी करून घेऊन बुटात आधार घालावा. नाहीतर ज्या कारणाने मोडलं ते कारण बुटात तसंच शिल्लक राहतं.

ताटातलं आणि झोपेतलं

हाड जुळायला ऊर्जा लागते. दुखापत झाल्यावर ‘आता व्यायाम नाही, वजन वाढेल’ म्हणून जेवण तोडणारे खेळाडू दुरुस्तीचं सामानच काढून घेतात. पुरेसं अन्न, प्रत्येक जेवणात प्रथिनं, दिवसाला साधारण 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम. ड जीवनसत्त्व रक्त तपासून कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढावं. स्वतःच्या मनाने जास्त घेऊ नये, अतिरेकानेही त्रास होतो.

खेळाच्या प्रमाणात खाणं अपुरं पडत राहिलं तर शरीर बचत सुरू करतं आणि हाडांची देखभालही कापतं. मुलींमध्ये पाळी अनियमित होणं किंवा थांबणं ही त्याची मोठी खूण. ‘खूप सराव आहे म्हणून पाळी येत नाही, खेळाडूंना होतं असं’ असं म्हणून प्रशिक्षकही ते सोडून देतात. सोडू नये. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला वेगळं नाव देऊन ती पुरुषांमध्येही आढळते हे स्पष्ट केलं. स्ट्रेस फ्रॅक्चर दुसऱ्यांदा झालं असेल तर पायाइतकाच आहार, संप्रेरकं आणि हाडांची घनता तपासणं गरजेचं.

धूम्रपान हाड जुळणं लांबवतं, याबद्दल डॉक्टरांत दुमत नाही. सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांबद्दल मात्र मतं वेगवेगळी आहेत. दीर्घकाळ घ्यायच्या असतील तर विचारूनच घ्याव्यात.

लगेच डॉक्टर गाठायचे प्रसंग

पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली, किंवा दम लागून छातीत दुखू लागलं, तर रक्ताची गुठळी असू शकते. पाय स्थिर ठेवलेल्यांना हा धोका असतो. तिथे सकाळची वाट पाहू नये. पाऊल आगीसारखं जळजळतंय, साधा चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, रंग आणि तापमान बदलतंय, घाम फुटतोय, अशी दुखापतीच्या मानाने अवाजवी वेदना असेल तर तिच्यावर लवकर उपचार केलेले बरे. मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्यांचं पाऊल सुजलं, गरम लागलं पण दुखत नसेल, तरी ‘दुखत नाही ना’ म्हणून चालत राहू नये. आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या पाचव्या मेटाटार्सलच्या एक्स-रेत दिसणारी उभी रेष पाहून पालकांनी धसका घेऊ नये. वाढत्या हाडाची ती नैसर्गिक रेष असते आणि दांड्याला समांतर जाते. फ्रॅक्चरची रेष बहुधा आडवी असते. दुसऱ्या पायाशी तुलना केली की शंका फिटते.

शेवटी, ज्यांच्या पायात स्क्रू आहे त्यांचा ठरलेला प्रश्न: हाड जुळलं, आता स्क्रू काढायचा का? खेळाडूच्या जोन्स फ्रॅक्चरमधला स्क्रू त्रास देत नसेल तर खेळत असेपर्यंत तो ठेवण्याकडेच बहुतेक सर्जनांचा कल असतो, कारण तो काढून घेतल्यानंतर तेच हाड पुन्हा मोडल्याची उदाहरणं आहेत. स्क्रूचं डोकं बुटाला घासत असेल आणि काढावाच लागला, तर रिकाम्या झालेल्या भोकात हाड भरेपर्यंत पुन्हा धावण्या-उड्यांपासून दूर राहावं लागतं. त्यामुळे तो काढायचाच असेल तर मोसम संपल्यावर काढावा.